शिक्का नसलेला काटा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या दुकानात एक तात्या बीपीचं मशीन परत करायला आले. मशीन चार महिन्यांपूर्वी माझ्याकडूनच नेलेलं, बिल पिशवीत, खोकं शाबूत. तक्रार एकच. "घरी एकशेअठ्ठावन्न दाखवतंय आन् दवाखान्यात डॉक्टर एकशेअडतीस म्हणत्यात. वीस पॉइंटचा फरक. गुळाच्या रव्यात एवढा फरक आला असता तर शेतकऱ्यानं मला यार्डातनं हाकलला असता." तात्या उभा जन्म कराडच्या मार्केट यार्डात मापाडी होते. मशीन उलटंपालटं करून त्यांनी विचारलं, "शेठ, ह्याच्यावर शिक्का कुठाय?"

मला वाटलं वॉरंटीचा शिक्का म्हणतात. ते म्हणाले, "त्यो नव्हं. वजनमापवाल्यांचा. काट्याला असतोय तसला."

मी हसलो, आणि हसताना माझ्याच लक्षात आलं की हसण्यासारखं काही नाही. मंडईतल्या भाजीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. फी भरायची, सील लावून घ्यायचं, प्रमाणपत्र गाडीवर दिसेल असं ठेवायचं. पेट्रोल पंपाचं तेच, सोनाराच्या तराजूचं तेच. किलोभर वांग्यांत पन्नास ग्रॅमची मारामार होऊ नये म्हणून एवढी यंत्रणा उभी आहे, आणि ती असावीच. पण माणसाला जन्मभर गोळी लावायची की नाही हे ज्या आकड्यावर ठरतं, तो आकडा देणारं मशीन मी खोक्यातून काढून, सेल घालून, 'घ्या, चालू झालं' म्हणून हातात देतो. वीस वर्षं हेच करतोय. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यात माझ्या धंद्याची बाजू आहे तशी माझी चूकही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आकड्याचं महत्त्व किती, ते औषधाच्या दुकानात बसल्यावर रोज कळतं. वरचा आकडा १४० च्या आत आला तर डॉक्टर म्हणतात, मीठ कमी करा, महिन्यानं या. १४० च्या पुढे सरकला की चिठ्ठीवर अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी येते, आणि एकदा आलेली ती गोळी सहसा जात नाही. आता एक हिशेब पाहा. २००३ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी बीपीच्या औषधांच्या साडेतीनशेवर चाचण्या एकत्र केल्या. नेहमीच्या डोसची एक गोळी वरचा दाब सरासरी ९ पॉइंटनं खाली आणते, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे मोजण्यात नऊ-दहा पॉइंटची चूक झाली तर ती एका गोळीएवढी चूक असते. वरच्या बाजूला झाली तर एक गोळी फुकट पोटात जाते, खालच्या बाजूला झाली तर जी जायला हवी ती जात नाही. दुसरी चूक जास्त महाग पडते. दहा लाख माणसांची नोंद असलेला २००२ चा मोठा अभ्यास सांगतो की चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान वरचा दाब २० पॉइंटनं जास्त असला तर पक्षाघातानं किंवा हृदयविकारानं मरण्याचा धोका दुपटीच्या घरात जातो. तात्यांचा फरक नेमका वीसचाच होता.

मशीन बदलून द्यायच्या आधी मी तात्यांना विचारलं, घरी मोजता कसं? ते म्हणाले, सकाळी चहा झाला की सोप्यात मांडी घालून बसतो, मशीन पाटावर, हात मांडीवर, नातू बटण दाबतो. मध्ये नातवाशी बोलणं चालूच असणार, ते मी गृहीत धरलं. मग शेजारच्या शिंप्याकडून टेप आणली आणि त्यांचा दंड मोजला. चौतीस सेंटिमीटर भरला. चाळीस वर्षं पोती आणि गुळाचे रवे उचललेला दंड तो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला छापलं होतं : २२ ते ३२. विकताना मी दंड पाहिलाच नव्हता, आणि विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

पट्ट्याचं माप आणि हाताची बैठक, या दोन गोष्टींचा परिणाम किती होतो, ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं सरळ मोजून दाखवलं आहे. २०२३ च्या त्यांच्या अभ्यासात १९५ जणांना मुद्दाम चुकीच्या मापाचा पट्टाही बांधून पाहिला. ज्यांना मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला तर वरचा आकडा सरासरी ४.८ नं जास्त आला. ज्यांना त्याहूनही मोठा लागतो त्यांच्यात तो १९.५ नं फुगला. साडेएकोणीस! एवढ्या फरकावर डॉक्टर दोन गोळ्या लिहून मोकळे होतील. तिथल्याच लोकांनी २०२४ मध्ये हाताची बैठक तपासली. हात टेबलावर, छातीच्या उंचीला टेकवण्याऐवजी मांडीवर ठेवला तर आकडा सुमारे ४ नं वाढतो, बाजूला लोंबकळत ठेवला तर साडेसहानं. कारण साधं आहे. हातातलं रक्त म्हणजे एक पाण्याचा उभा नळ धरा. पट्टा हृदयाच्या खाली गेला की तेवढ्या उंचीच्या स्तंभाचं ओझं आकड्यात मिसळतं, दर दहा सेंटिमीटरला सात-आठ पॉइंट. टाकीच्या खालच्या मजल्यावर नळाला जोर जास्त का असतो, हे ज्याला कळतं त्याला हे कळतंच.

आता पट्ट्याचे पाच आणि मांडीचे चार, असे नऊ झाले. एका अभ्यासाच्या सरासऱ्या एका माणसावर अशा चिकटवता येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. चहा, बोलणं, धापा हे वेगळंच. तरी समजा, वीसपैकी निम्म्याचा हिशेब लागला. उरलेले दहा कुठले? ते मला सांगता आलं नाही. कारण उरलेला फरक डॉक्टरांच्या मशीनमुळेही पडलेला असू शकतो, आणि ते मशीन शेवटचं कधी तपासलं होतं हे डॉक्टरांना, कंपाउंडरला, कोणालाच माहीत नव्हतं. ते घड्याळाच्या तबकडीचं, स्प्रिंगवाल्या जातीचं. ही मशीनं एकदा टेबलावरून पडली की काटा शून्यावर परत येतो की नाही एवढं तरी पाहावं. वर्षातून एक-दोनदा तपासावीत, असं सांगितलं जातं. आपल्याकडे वाद झाला की चूक नेहमी घरच्या मशीनची ठरते. दवाखान्यातला आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य.

तो तसा का मानावा? १९८३ साली इटलीत मिलानच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या धमनीत नळी घालून चोवीस तास दाब टिपला होता, आणि मधल्या वेळात पट्टा हातात घेऊन एक डॉक्टर खाटेजवळ आणून उभा केला. डॉक्टर दिसताच वरचा दाब सरासरी सत्तावीस पॉइंट चढला. हे धमनीच्या आत मोजलेलं, म्हणजे मशीनला दोष द्यायची सोय नाही. दाबच चढला होता. तेव्हा दवाखान्यात एकदा घेतलेला आकडा हा त्या मिनिटाचा, त्या खुर्चीतला, त्या धास्तीतला आकडा असतो. बरं, आपल्या दवाखान्यात खुर्ची कुठली? स्टूल. पाठीला टेका नाही, आधीची पाच मिनिटं शांत बसणं नाही, बाहेर बावीस नंबर चालू आहे आणि शर्टाची बाही गुंडाळून दंडावर आवळलेली. बायकांच्या बाबतीत ब्लाउजची घट्ट बाही तशीच ठेवून तिच्यावरच पट्टा बांधतात, कारण वेळ नाही आणि आडोसाही नाही.

तरीही माझ्या काउंटरवर आलेल्या चिठ्ठ्या पाहाव्यात. १३०/८०, १४०/९०, १२०/८०. शेवटचं घर जवळपास नेहमी शून्य. पाऱ्याच्या पट्टीवर दोन-दोनच्या खुणा असतात. तेव्हा शून्यावर संपणारा आकडा पाचांतून एकदा यावा, तो पाचांतून चारदा येतो. जुन्या डॉक्टरांचा पाऱ्याच्या मशीनवर फार जीव आणि तो अस्थानी नाही. पाऱ्याचा स्तंभ सहसा खोटं बोलत नाही. पण तो वाचणारा डोळा आणि आवाज ऐकणारा कान माणसाचा असतो, आणि माणसाला गोल आकडे आवडतात. शिवाय पारा विषारी म्हणून मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानं तो हद्दपार करायचं ठरलं आणि भारतानंही २०१८ मध्ये त्या करारावर शिक्कामोर्तब केलं आहे. पाऱ्याकडे परत जायची वाट आता बंद आहे, त्याचे उसासे सोडण्यात अर्थ नाही.

पाऱ्याच्या जागी आलेलं डिजिटल मशीन नेमकं काय करतं, हे विकणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. मलाही बरीच वर्षं नव्हतं. ते काही ऐकत नाही. पट्टा फुगवून धमनी दाबतं, मग हवा हळूहळू सोडताना पट्ट्यात उमटणारी थरथर टिपतं. ही थरथर वाढत जाते, एका ठिकाणी शिगेला पोचते, मग मावळते. शिगेची जागा साधारण सरासरी दाबाजवळ असते, तेवढंच त्याला प्रत्यक्ष सापडतं. वरचा आणि खालचा हे दोन्ही आकडे ते गणितानं काढतं, आणि ते गणित ज्या त्या कंपनीचं, तिच्याच तिजोरीत. म्हणून एकाच दंडावर दोन कंपन्यांची मशीनं दोन आकडे दाखवतात आणि दोन्ही बिघडलेली नसतात. धमन्या कडक झालेल्या म्हाताऱ्या माणसात, नाडी अनियमित चालणाऱ्यात, गरोदर बाईच्या वाढलेल्या बीपीत हे गणित चुकायची शक्यता वाढते. म्हणजे ज्यांना आकडा खरा मिळायची जास्त गरज, तिथेच मशीन लंगडं.

मग मशीन खरं की खोटं, हे ठरवतात कसं? त्यासाठी आंतरराष्ट्रीय कसोटी आहे. २०१८ मध्ये अमेरिका, युरोप आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटना यांनी मिळून ती एक केली. निदान ८५ माणसं, लहान-मोठे दंड, कमी-जास्त दाब असे मिसळून घ्यायची. कान तयार असलेले दोन निरीक्षक एका बाजूला आणि मशीन दुसऱ्या बाजूला. सरासरी फरक ५ पॉइंटच्या आत आणि आकड्यांचा विखुरलेपणा, म्हणजे प्रमाण विचलन, ८ च्या आत असला की मशीन पास. यातली गोम पाहा. सरासरी फरक अगदी शून्य आला आणि विखुरलेपणा काठावर ८ असला, तर पाचांतला एखादा आकडा दहा पॉइंटपेक्षा जास्त चुकलेला असू शकतो, आणि मशीन तरी पास. म्हणजे पास झालेलं मशीनही सर्वांच्या सरासरीला खरं, तुमच्याच दंडाला खरं असेल असं नाही. कॅनडात एडमंटनच्या डॉक्टरांनी ८५ रुग्णांची घरची मशीनं मागवून तपासली, २०१७ ची गोष्ट. सुमारे सत्तर टक्के मशीनं पाचहून जास्त पॉइंटनं आणि तीस टक्क्यांच्या आसपास दहाहून जास्त पॉइंटनं चुकत होती.

आणि ही झाली लोकांच्या घरात असलेल्या मशीनांची गोष्ट. कसोटीला उभंच न राहिलेल्यांचं काय? ऑस्ट्रेलियात ऑनलाइन मिळणारी ९७२ मॉडेलं २०२० साली धुंडाळली गेली. दंडाच्या मशीनांपैकी जेमतेम १८ टक्के कसोटीतून गेलेली. मनगटावर घड्याळासारखी बांधायची ५३२ मॉडेलं होती, त्यातलं एकही नाही. आपल्याकडे लग्नात जावयाला दिली जाणारी 'बीपीवाली घड्याळं' कुठल्या जातीची असतील, त्याचा अंदाज वाचकांनीच करावा. मी ती विकत नाही, म्हणून माझी पोरं मला जुनाट म्हणतात.

इथे एक शंका हमखास येते, आणि ती रास्त आहे. पट्ट्याचा आकडा मुळातच खरा नसतो, असं म्हणतात ना? म्हणतात, आणि आधार आहे. २०१७ मध्येच ७४ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा धमनीत नळी घालून मोजलेल्या दाबापेक्षा पट्टा वरचा आकडा सरासरी ५.७ नं कमी आणि खालचा ५.५ नं जास्त सांगतो, असं दिसलं. त्याहून बोलका भाग पुढे आहे. वरचा दाब १२० ते १५९ या मधल्या टप्प्यात असेल तर पट्टा आणि नळी यांचं 'हा माणूस कुठल्या गटात' यावर एकमत जेमतेम निम्म्या वेळा झालं. आणि गोळी सुरू करावी की नाही हा प्रश्न पडतो तो याच मधल्या माणसांच्या बाबतीत. दोनशे दाखवणाऱ्याला कुठलंही मशीन चालतं.

पण यावरून 'सगळंच थोतांड' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. १४० ही रेघ नळीनं आखलेली नाही, पट्ट्यानंच आखलेली आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या ज्या चाचण्यांनी गोळ्यांनी पक्षाघात टळतो हे दाखवलं, त्या सगळ्या दंडाला पट्टा बांधूनच झाल्या. आपल्या यार्डात पूर्वी मण चालायचा, आता क्विंटल आहे. घेणारा-देणारा एकाच मापानं बोलत असले की व्यवहार चोख होतो. त्यामुळे पट्टा धमनीइतका खरा नाही ही माझी तक्रार नाही. एका दवाखान्यातला पट्टा दुसऱ्या दवाखान्यातल्या पट्ट्याशी आणि घरातल्या पट्ट्याशी जुळत नाही, आणि जुळतो की नाही हे पाहायची जबाबदारी कोणाचीच नाही, ही तक्रार आहे.

पट्ट्याच्या मापाची चूक तर सव्वाशे वर्षांपूर्वीच सापडली होती. इटलीत तुरीनच्या रिवा-रोची या डॉक्टरनं १८९६ मध्ये दंडाला हवेचा पट्टा बांधायची युक्ती काढली. त्याचा पट्टा होता जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद, आणि तो आकडा फुगवून सांगायचा. पाचच वर्षांनी, १९०१ मध्ये, फॉन रेकलिंगहाउझन या जर्मन डॉक्टरनं ते दाखवलं आणि रुंद पट्टा सुचवला. कोरोत्कॉफ या रशियन डॉक्टरनं स्टेथोस्कोपनं आवाज ऐकायची रीत सांगितली ती त्याच्याही नंतर, १९०५ ला. म्हणजे दंडाला माप असावं हे ज्ञान स्टेथोस्कोपच्या रीतीपेक्षाही जुनं आहे. तरी आजही खोक्यात एकच पट्टा येतो.

आपल्याकडे मोठ्या दंडापेक्षा बारीक दंडाची काळजी मला जास्त वाटते. बाल्टिमोरचा अभ्यास अमेरिकेतल्या जाडजूड माणसांचा म्हणून लोक सोडून देतात, पण त्यातच एक उलटी नोंद आहे. ज्यांना लहान पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला तर आकडा ३.६ नं कमी आला. आता महाराष्ट्र घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत इथल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी साधारण पाचांतली एक उंचीच्या मानानं कमी वजनाची निघाली. उसाच्या फडात, भांगलणीला जाणाऱ्या बाया पाहा. दंड म्हणजे काठी. सत्तरीच्या आज्यांचं विचारूच नका, पट्टा दोन वेढे होऊन लोंबतो. अशा आजीचा खरा १४२ उपकेंद्रात १३८ दिसतो आणि 'बीपी नॉर्मल' असं कार्डावर लिहून ती घरी जाते. तिची तक्रार घेऊन माझ्याकडे कोणी येणार नाही. जास्त दाखवणाऱ्या मशीनवर लोक संशय घेतात. कमी दाखवणाऱ्यावर कोणीही घेत नाही.

सरकारनं काही केलंच नाही असं म्हणणं खोटं होईल. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमात आमचा सातारा होता, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडाराही होते. ठरलेल्या क्रमानं गोळ्या, महिन्याच्या महिन्याला औषध, चुकलेल्या रुग्णाला फोन, हे काम चांगलं झालं आणि २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. आशाताई घरोघर जाऊन तिशीच्या पुढच्यांच्या नोंदी करतात. गोळी गावापर्यंत पोचली, यात शंका नाही. बाजारातल्या मशीनांवरही सरकारची नजर गेली. २०२१ च्या जानेवारीपासून बीपीचं मशीन बनवायला आणि आयात करायला औषध कायद्याखाली परवाना लागतो. त्याच वर्षी जुलैत ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर, थर्मामीटर आणि बीपी मशीन या पाच वस्तूंच्या नफ्याला सत्तर टक्क्यांचा लगाम घातला. आम्ही दुकानदारांनी कुरकुर केली, पण किमती उतरल्या. माझं म्हणणं एवढंच, किंमत खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायला लावली, तसा अचूकतेचा एक शब्द का छापायला लावला नाही? आज खोक्यावर 'क्लिनिकली प्रूव्हन' असतं. कुठे, कोणी, किती माणसांवर, कुठल्या कसोटीनं, काही नाही. परवाना म्हणजे कंपनीला माल बनवायची मुभा. त्यावरून गिऱ्हाइकाला काय कळणार?

आणि तात्यांचा शिक्का? तो कागदावर आहे. वैधमापनाच्या, म्हणजे वजनमापांच्या, नियमांत रक्तदाबमापक येतो. सरकारमान्य तपासणी केंद्रांसाठी २०१३ मध्ये जे नियम झाले त्यांच्या यादीतही पाण्याच्या मीटरशेजारी, थर्मामीटरशेजारी तो बसलेला आहे. पण दवाखान्याच्या टेबलावरच्या मशीनला सील लावलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. जर्मनीत दवाखान्यातल्या बीपी मशीनची दर दोन वर्षांनी तांत्रिक तपासणी करून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथे हे जमतं, आपल्याकडे भाजीवाल्याच्या काट्यापुरतं जमतं.

मात्र तात्यांना मी एक गोष्ट कबूल करायला लावली. नुसत्या शिक्क्यानं निम्मंच काम होईल. काट्यावर प्रमाणित दहा किलोचं वजन ठेवलं की काटा खरा की खोटा हे लगेच कळतं. माणसाच्या दंडात १४० चं प्रमाणित वजन नसतं. तपासनीस टी-आकाराची नळी जोडून मशीनचा दाब एका खात्रीच्या दाबमापकाशी ताडून पाहील, त्यात दहा मिनिटंही जात नाहीत. त्यानं हवेचा दाब नीट मोजला जातो की नाही एवढं कळेल. त्या दाबातून वरचा-खालचा आकडा काढणारं गणित बरोबर आहे का, हे त्यानं कळणार नाही. त्यासाठी मॉडेल बाजारात यायच्या आधीच ८५ माणसांवरची ती परीक्षा झालेली असायला हवी आणि तिचा निकाल सगळ्यांना दिसायला हवा. ब्रिटनमधल्या रक्तदाब तज्ज्ञांच्या संस्थेची अशी यादी आहे. स्ट्राइड बीपी नावाची आंतरराष्ट्रीय यादीही कोणालाही फुकट पाहता येते. ती इंग्रजीत आहे, आणि आमच्याकडे खपणारी निम्मी नावं तिच्यात शोधून सापडत नाहीत. अन्न व औषध प्रशासनानं मॉडेलच्या नावांची एक मराठी यादी काढली, तर मी ती उद्याच काउंटरच्या काचेखाली लावीन. खरेदीच्या निविदेत 'प्रत्येक मशीनसोबत लहान, मध्यम, मोठा असे तीन पट्टे' अशी एक ओळ घातली, तर उपकेंद्रातल्या आजीचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो.

पैशांचं काय, असं एका ओळखीच्या अधिकाऱ्यानं मला विचारलं. जादा पट्टा मशीनच्या किमतीच्या मानानं फार नसतो. रोज एक नको असलेली गोळी, वर्षाच्या तीनशे पासष्ट गोळ्या, पुढे तीस वर्षं, हा हिशेब मी त्यांना कागदावर करून दाखवला. आणि न दिलेल्या गोळीनं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा हिशेब मला मांडता येत नाही. तो करणारी घरं गावोगाव आहेत.

काही डॉक्टर रुग्णाला सांगतात, घरचं मशीन फेकून द्या, उगाच डोक्याला ताप. त्यांचा वैताग मी समजू शकतो. दिवसातून पंधरा वेळा मोजणारी माणसं मलाही भेटतात, आणि सोळाव्या वेळी त्यांचं खरोखरच वाढलेलं असतं. पण घरी नीट बसून सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजलेले आकडे, पहिला दिवस सोडून काढलेली त्यांची सरासरी, ही दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा पुष्कळ भरवशाची असते. म्हणूनच घरच्या आकड्याची रेघही वेगळी धरतात, १३५/८५. फक्त एक भान ठेवावं लागतं. पुन्हा पुन्हा मोजल्यानं आकड्यांची डगमग जाते, मशीनची खोट जात नाही. पाच पॉइंट जास्त दाखवणारं मशीन शंभर वेळा मोजलं तरी पाच पॉइंट जास्तच दाखवतं. डगमग घालवणं घरच्यांच्या हातात आहे. खोट शोधणं त्यांच्या हातात नाही.

तात्यांनी मशीन शेवटी परत दिलं नाही. मोठा पट्टा वेगळा मागवला, तो यायला आठ दिवस लागले. मग खुर्ची, टेबल, उशीवर हात, चहाच्या आधी आणि नातू बाहेर. आठवड्यानं वही घेऊन आले, मापाड्याच्या अक्षरात ओळीनं मांडलेले आकडे. सरासरी १४४. वीसचा फरक सहावर आला म्हणून मला बरं वाटलं. ते वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी वही नीट पाहिली, दोनदा आपल्या मशीनवर मोजलं आणि १३६ लिहिलं. आता या दोन काट्यांतला खरा कुठला, हे ठरवायला तिसरा काटा तालुक्यात कुठे आहे, ते तात्या दुकानावरून जाताना मला अजून विचारतात.